'क' कोणाचा?

बोईसरच्या पश्चिमेला, तारापूरला लागून असलेल्या चिंचणीत काही ताम्रपट सापडले. त्यांतला राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातला पट शके 848चा, म्हणजे इ.स. 926चा. त्यात संजान मंडलाचा अधिकारी म्हणून 'मधुमती' हे नाव येते. हा ताजिक, म्हणजे अरब. दिनेशचंद्र सरकार यांनी हे लेख प्रसिद्ध केले, आणि मधुमती म्हणजे मुहम्मद हे उघड झाले. लेखकाच्या कानाला परक्या नावात 'मधु' आणि 'मती' असे घरचे शब्द ऐकू आले. नुसत्या नादावर विसंबलो असतो, तर या किनाऱ्यावरचा अरब कारभारी आपल्याला दिसलाच नसता.

हिब्रू धातू आणि बांटू भाषांतले शब्द शेजारी मांडून प्राचीन नाते सिद्ध करणाऱ्या याद्या पाहिल्या की मला हा मधुमती आठवतो.

हिब्रूत क-त-ब म्हणजे लिहिणे. बेने इस्रायलांच्या लग्नातला लेखी करार, 'केतुबा', त्यातलाच. आता पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली घ्या. तिच्यात 'कुतुबू' असे क्रियापद आहे. तीच व्यंजने, तोच क्रम! यादी करणारा इथे खूश होतो. पण 'त्याने पश्चात्ताप केला' म्हणायचे तर स्वाहिली माणूस 'अलितुबू' म्हणतो. 'क' गेला कुठे? तो धातूचा नव्हताच. 'कु' हा आपल्या 'करणे'तल्या 'णे'सारखा, फक्त पुढे लागणारा. उरलेला 'तुबू' अरबी 'ताब'वरून आला, आणि त्याचे हिब्रू नातलग 'शूव', म्हणजे परतणे, कानाला अजिबात जुळत नाही.

उलट 'किताबू' (पुस्तक) खरोखर क-त-बचा, पण अरबीतून उसना घेतलेला. स्वाहिलीने त्यातल्या 'कि'ला आपला एकवचनी उपसर्ग मानले आणि अनेकवचन केले 'विताबू'! इथे धातूचाच 'क' पुसला गेला. चिंचणीच्या लेखकाने केले तेच हे, फक्त व्याकरणाच्या अंगाने.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: शब्द चालवून पाहावा, वचन आणि काळ बदलावा, मगच त्याचे गोत्र विचारावे. दुसऱ्यांना हसण्याचेही कारण नाही. कुस्तीच्या फडात मिळणारा आपला 'किताब' अरबी 'खिताब'वरून आला आहे. पुस्तकाच्या किताबाशी त्याचे काहीही नाते नाही.