घानात वीज गेली होती म्हणून

निफाड तालुका म्हटला की लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतची द्राक्षे आठवतात. संगणकातील माहिती ओलीस धरून पैसे मागणाऱ्या आज्ञावलीशी, म्हणजे रॅन्समवेअरशी, या तालुक्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध न्हावा शेवा बंदरातून येतो.

युरोपला जाणारी द्राक्षे बागेतून पॅकहाऊसमध्ये येतात, तेथे थंड केली जातात आणि शीतकंटेनरमधून बंदराकडे निघतात. बागेची नोंदणी, कीटकनाशकांच्या अंशांबाबत प्रयोगशाळेचा अहवाल, पेटी कोणत्या बागेतली याचा माग, हे सारे 'अपेडा'च्या ग्रेपनेट या संगणकीय व्यवस्थेत नोंदवले जाते. माल शेतातला असला तरी त्याचा परवाना संगणकात असतो. बंदरातही तेच. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढायचा आहे, हे संगणकच सांगतो.

२७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवत होती. त्या दिवशी मर्स्कचे जगभरचे संगणक एकामागोमाग बंद पडले होते. न्हावा शेव्याला माणसे हाताने नोंदी करू लागली, कामाचा वेग घटला आणि कंटेनर साचत गेले. द्राक्षाचा हंगाम तेव्हा संपला होता. हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये घडते, तर काय झाले असते? त्याचे उत्तर निफाडच्या बागायतदाराला सांगायला नको.

ही वेळ कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सुमारे वीस हजार फ्लॉपी चकत्या टपालाने पाठवल्या. वर लिहिले होते, एड्सविषयी माहिती. ती चकती वापरली की काही काळाने संगणकातील फायलींची नावे गूढलिपीत जात आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा मजकूर उमटे. परंतु कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच होती आणि ती त्याच आज्ञावलीत दडलेली होती. जाणकारांनी ती शोधून काढली.

१९९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित ॲडम यंग आणि मोटी युंग यांनी एका निबंधात इशारा दिला, की लावायची किल्ली वेगळी आणि उघडायची वेगळी, अशी सार्वजनिक-किल्ली पद्धत खंडणीखोरांनी वापरली तर बळी पडलेल्याच्या संगणकात उघडण्याची किल्ली सापडणारच नाही. अडचण उरली पैसे घेताना न पकडले जाण्याची. २००९ मध्ये बिटकॉइन आले आणि तीही बरीचशी सुटली. मग २०१३ च्या 'क्रिप्टोलॉकर'पासून हा धंदाच झाला.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' दीडशेहून अधिक देशांत पसरला. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. सहा आठवड्यांनी आला 'नॉटपेट्या'. युक्रेनमधील हिशेबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून तो शिरला आणि जोडलेल्या संगणकांतून धावत सुटला. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. तो खंडणीखोराच्या वेषातला विध्वंसक होता. 'वेळ आली तर पैसे भरू' ही तयारी किती पोकळ आहे, ते येथे दिसले.

आता मर्स्कची गोष्ट पाहू. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकावर कशाची मुभा, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक कंपनीकडे होते. प्रत्येकात तीच नोंदवही होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी जातील, हे कोणी धरले नव्हते. एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे ते सगळे गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. तेथे हल्ल्याआधी वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून तुटलेला होता! त्यातील माहिती तारेवरून पाठवायला फार दिवस लागले असते. म्हणून घानातील माणसाने नायजेरियाच्या विमानतळावर ती चकती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती इंग्लंडला नेली. मग सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे राहिले. तरी तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा झाला.

जोडलेल्या दीडशे प्रती हरल्या आणि तुटलेली एक प्रत जिंकली. ही गोष्ट आपल्याकडचा शेतकरी जाणतो. उळ्यासाठी निवडलेला कांदा तो विक्रीच्या ढिगात ठेवत नाही, कारण सड शेजारी पसरते.

हे संकट मोठ्यांपुरतेच आहे, असेही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी 'सी-एज' या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे समोर आले. तिच्या सेवेवर चालणाऱ्या देशातील सुमारे तीनशे छोट्या बँका, त्यांत सहकारी बँकाही आल्या, देयक जाळ्यातून तात्पुरत्या वेगळ्या कराव्या लागल्या. वेळीच वेगळे केल्याने बाधा पुढे गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली.

मग निफाडच्या एखाद्या पॅकहाऊसची तयारी कशी तपासावी? कोणते महाग सॉफ्टवेअर घेतले, हे शेवटी विचारावे. आधी पाहावे, की कोणती नोंद गेली तर काम थांबते आणि किती तास थांबलेले चालेल. दुरुस्त्या वेळेवर बसवल्या जातात का? दुरून आत येण्याचे दार एकट्या पासवर्डवर उघडते का? प्रतींसाठी सोपा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. त्यात आम्ही एक जोड देऊ, निदान एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी. हल्ला झालाच तर पहिला फोन कोणाला करायचा, हे भिंतीवर कागदावर लिहिलेले आहे का? २०२२ पासूनच्या नियमांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवावी लागते. संगणक बंद असताना दोन दिवस वहीवर काम चालेल का?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ती प्रत कधी परत उतरवून पाहिली आहे का? न उघडलेली प्रत म्हणजे उगवणशक्ती न तपासलेले बियाणे.

हा प्रयोग शाळेतही होतो. निकालपत्रकाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा आणि महिन्याने ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी. किती वेळ लागला, काय हरवले, ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. मर्स्कला घानातल्या वीजकपातीने वाचवले. आपल्याकडे वीज तर नेहमीच जाते, पण ती योग्य वेळी जाईल याची खात्री कोण देणार? तार आपण आपल्या हाताने काढलेली बरी.