मिठाच्या पेटीतले तास आणि देहूरोडचा पाऊस

देहूरोडला बर्फ पडत नाही. माघातल्या एखाद्या पहाटे पारा दहा अंशांखाली गेला, तर तीच तेथील मोठी थंडी. तरीही जुन्या मुंबई–पुणे महामार्गालगतच्या दुकानांत गाडीच्या रंगावर लेप चढवताना ‘तीन वर्षे टिकेल’, ‘पाच वर्षे टिकेल’ असे जे सांगितले जाते, त्यामागचा प्रश्न बर्फाच्या प्रदेशात वाढला. तेथील रस्त्यांवरचे मीठ तळवडे, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांपर्यंत कसे आले, त्याची ही हकिगत.

आरंभ रोगणापासून करावा लागेल. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच, आणि त्यांचा रंगही बग्गीचाच: जवसाचे तेल, राळ आणि हाताने दिलेले थरावर थर. प्रत्येक थर वाळायचा, घासला जायचा, मग पुढचा. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे लागत. १८९८ मध्ये मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या, तेव्हा विदर्भातले जवस त्याच बंदरातून परदेशी रवाना होत असे, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

१९२३-२४ च्या सुमारास ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. पण हा रंग उन्हात लवकर निस्तेज होई. तो उजळत ठेवणे हे मालकाचे काम ठरले आणि मेणाचे डबे घरोघरी पोहोचले. त्यातले सर्वांत नावाजलेले मेण म्हणजे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते साठते. कोरड्या, कडक उन्हात पानातले पाणी उडू नये, म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. बर्फाळ रस्त्यांवरच्या मिठाच्या चिखलाशी त्या झाडाचा कधी संबंध आलेला नाही.

मिठाचा चिखल आला तो पुढच्या दोन दशकांत. १९३८ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकून पाहिले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते नेहमीचे धोरण केले. त्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत सुमारे पाच हजार टन मीठ रस्त्यांवर पडले. १९७० च्या आसपास हाच आकडा वर्षाला एक कोटी टनांच्या घरात गेला. मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे बाराशे फूट खोलीवर, मिठाची खाण आहे. ज्या शहराने गाडी घडवली, त्याच्याच जमिनीखालून गाडी कुजवणारा पदार्थ निघत होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाडीला मीठ खाते ते प्रामुख्याने वरच्या चकचकीत पत्र्यावर नव्हे. खाल्लेला भाग असतो दाराच्या खालच्या कडेत, चाकाच्या कमानीत, दोन पत्रे जोडल्याच्या सांध्यात. मेणाचे फडके जेथे कधी पोहोचत नाही तेथे. खारट पाणी विजेचे उत्तम वाहक असते, त्यामुळे गंजाची रासायनिक क्रिया वेगाने चालते. गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर हा वेग आणखी वाढतो, कारण गोठलेले पाणी सुटते आणि कामाला लागते. साधे मेण तेथील एक हिवाळाही धडपणे काढत नसे. पण ते टिकले असते तरी गाडी वाचली नसती. युद्धोत्तर काळात स्वतंत्र चौकट नसलेल्या, पत्र्याच्याच बळावर उभ्या असलेल्या गाड्या वाढल्या. अशा गाडीत सांधा कुजणे म्हणजे केवळ रूप बिघडणे नव्हे, अपघातात ती माणसाला वाचवू शकेल की नाही, हा प्रश्न त्यात होता.

उत्तर कारखान्यातच शोधावे लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या चमूने गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची रीत प्रत्यक्षात आणली. जेथे ब्रश जात नाही तेथेही रंग ओढला जाऊ लागला. पुढच्या दशकात ही रीत सुधारली, तेच आजचे सीईडी. १९७५ च्या सुमारास पोर्शेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे सांगाडे बनवायला घेतले. त्यानंतर रंगावर स्वतंत्र पारदर्शक थर आला. मालकाच्या फडक्याकडे असलेली जबाबदारी अशा रीतीने कारखान्याकडे गेली. मोटारीच्या इतिहासात यंत्राच्या अश्वशक्तीवर पाने भरून लिहिले जाते. गाड्यांचे आयुष्य प्रत्यक्षात वाढवणाऱ्या या हौदाला मात्र दोन ओळीही मिळत नाहीत.

हौदातून निघालेला पत्रा किती टिकेल हे तपासायचे कसे? त्याची युक्ती जुनीच होती. १९१४ मध्ये जे. ए. कॅप यांनी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी सुचवली आणि १९३९ मध्ये ती ‘एएसटीएम बी ११७’ या नावाने प्रमाणित झाली. बंद पेटी, ३५ अंश तापमान, पाच टक्के मिठाच्या पाण्याचे अखंड धुके, आणि आत टांगलेला नमुना. किती तासांनी गंज दिसतो ते मोजायचे, एवढेच. दोन नमुन्यांत बरा कोणता, हे ती पेटी सांगते. पेटीतले इतके तास म्हणजे रस्त्यावरची इतकी वर्षे, असे गणित तिच्यात नाही. खऱ्या रस्त्यावर पत्रा भिजतो, वाळतो, तापतो, पुन्हा भिजतो. पेटीत तो फक्त भिजतच राहतो.

ही पेटी पुण्याच्या परिसरात आली ती उद्योगांबरोबर. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को विस्तारत गेली. १९६६ मध्ये पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था स्थापन झाली. पण तासांचा खरा धाक वाढला तो १९९१ नंतर. परदेशी कंपन्या आल्या, चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, येथे बनलेल्या गाड्या मेक्सिकोपर्यंत जाऊ लागल्या. साध्या बोल्टच्या आराखड्यावरही मिठाच्या फवाऱ्याचे तास लिहून येऊ लागले. भोसरी-तळवड्याच्या प्लेटिंग आणि पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये ‘किती तासांचा माल?’ हा रोजचा प्रश्न झाला. ज्यांनी आयुष्यात बर्फाचा रस्ता पाहिला नाही, त्या कामगारांच्या मालाचे भवितव्य मिठाच्या पाण्यात ठरू लागले.

आकुर्डीच्या जुन्या स्कूटरींना ही चैन नव्हती. १९७२ पासून निघालेल्या चेतकचे अंग पत्र्याचे. पावसाळे साचत गेले की पाय ठेवायच्या जागेचा पत्रा सडे. त्यावर लोकांनी आपला उपाय काढला होता: मृगाच्या आधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारून घेणे. कॅनडातही दर वर्षी गाडीच्या सांध्यांत तेल फवारण्याचा धंदा आजही चालतो. तत्त्व एकच, तेलाने पाणी हटवायचे. आपल्याकडचे जळके ऑइल मात्र पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओघळून नाल्यात उतरे. देहूरोडच्या उताराचे पाणी इंद्रायणी-पवनेकडेच जाते.

आता मूळ प्रश्न. रंगावरचे मेण साधारणपणे काही आठवडे टिकते, कृत्रिम सीलंट काही महिने, सिलिकेवर आधारलेला सिरॅमिक लेप बनावटीनुसार एक ते पाच वर्षे. हा लेप एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो, आणि त्याच्याखालचा कारखान्यातला पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म ही निराळी जात. तिचा पूर्वज व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि दगडांपासून वाचवण्यासाठी वापरला गेला, म्हणून खड्यांचा मारा ती खरोखर झेलते. सिरॅमिक लेप ते करत नाही. तो मळ चिकटू देत नाही आणि रसायनांना काही काळ रोखतो.

देहूरोडला त्या लेपाचे शत्रू कोण? पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पूर्वेला पुण्यात त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि देहूरोड मध्ये. हे पाणी खारट नसते, पण चाकांच्या कमानीत चिखल महिनोन्‌महिने ओला ठेवते. उरलेले आठ महिने ऊन. रंगांच्या चाचणीसाठी १९३० च्या दशकापासून दक्षिण फ्लोरिडात नमुने उघड्यावर मांडले जातात, कारण तेथे ऊन, दमटपणा आणि पाऊस एकत्र भेटतात. पत्र्याच्या वरच्या बाजूपुरते बोलायचे तर देहूरोडचा नातलग डेट्रॉइट नव्हे, मायामी आहे.

त्याहून मोठा शत्रू रोज सकाळी येतो. महामार्गाची आणि बांधकामांची धूळ रात्रभर गाडीवर बसते. पहाटे सोसायटीत गाड्या पुसणारा एका बादलीत पंधरा गाड्यांचे फडके बुडवतो आणि ती धूळ पत्र्यावर रगडतो. त्या धुळीत गारेचे कण असतात. वर्षाला तीनशेहून अधिक वेळा हे घडले, तर एक मायक्रॉनच्या थराकडून पाच वर्षांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्यातच बोअरवेलचे जड पाणी उन्हात वाळून पांढरे डाग सोडते. हे डाग बसले की पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळणे थांबते आणि लेप गेला असे समजून लोक नवा मारून घेतात. बहुतेकदा लेप जागेवर असतो. डाग काढले की थेंब पुन्हा घरंगळतात.

दुकानातल्या पाच वर्षांच्या हमीपत्रावर बहुधा बारीक अक्षरांत ठरावीक मुदतीने तपासणी आणि ठरावीक पद्धतीने धुणे या अटी असतात. मृगापूर्वी गाडी उचलून कमानींतला चिखल काढणे आणि सांध्यांतला रंग तपासणे, हे मात्र त्या कागदावर सहसा नसते.