शेवटचे दहा मीटर

१ मे २००० या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निवेदन काढलं. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळली जाणारी चूक त्या मध्यरात्रीपासून बंद होणार होती. अवकाशात नवा उपग्रह गेला नाही, कुणी नवा रिसीव्हर विकत घेतला नाही, तरी जगभरातल्या रिसीव्हरांची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच राहिलं आणि प्रॉडक्शनमध्ये एक फ्लॅग बदलला.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगॉन राज्यातल्या एका माणसाने रानात एक बादली लपवली. जिओकॅशिंग नावाचा माझा छंद त्या बादलीतून निघाला. कुणीतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि ज्यांची कधी भेट होणार नाही अशा माणसांनी तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं, एवढाच हा खेळ. तो ज्या आकड्यांवर चालतो ते आकडे लोकांच्या हातात कसे आले आणि लोकांनी त्यांचं काय केलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

एकरातून गुंठ्यात

जीपीएसचं सगळं गणित घड्याळांवर चालतं. उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत सांगत राहतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर अंतर काढतो आणि चार उपग्रहांपासूनची अंतरं जुळली की आपण कुठे आहोत ते ठरतं. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे घड्याळ नकळत पुढेमागे केलं तरी जमिनीवरचा बिंदू भरकटतो. 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी' या भारदस्त नावाखाली हेच केलं जात होतं. लष्कराला नेमकी जागा कळायची, बाकीच्यांच्या वाट्याला शंभरेक मीटरपर्यंतची चूक.

शंभर मीटर म्हणजे किती ते गुंठ्यात काढून पाहा. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जवळपास पावणेआठ एकर जमीन येते. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात येतात फक्त तीन गुंठे. पावणेआठ एकरांत झुडपाखालचा डबा शोधायला कुणी जाणार नाही. तीन गुंठ्यांत मात्र एखादा रविवार घालवता येतो.

लष्करी यंत्रणेचा हा दरवाजा नागरिकांसाठी किलकिला झाला त्यामागे एक वाईट घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने जीपीएस तयार झालं की ते नागरी वापरालाही मिळेल असं जाहीर केलं. यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू व्हायला १९९५ साल उजाडलं, आणि तिच्यातली मुद्दाम घातलेली चूक जायला आणखी पाच वर्षं.

बादली

ऑरेगॉनमधल्या त्या माणसाचं नाव डेव्ह उल्मर. पेशाने कॉम्प्युटर सल्लागार. पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक भागात त्याने एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर आणि एक गलोल. मग उपग्रह-दिशादर्शनाबद्दलच्या एका युजनेट चर्चागटात त्याने जागेचे आकडे टाकले: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. नियम एका वाक्याचा होता. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा.

तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधली. पहिला होता माइक टीग. त्याने नंतर जगभरातून येणारे असे आकडे आपल्या वेबपानावर जमवायला सुरुवात केली. तेव्हा या खेळाला 'जीपीएस स्टॅश हंट' म्हणत. 'स्टॅश' शब्दाला चोरून ठेवलेल्या मालाचा वास येतो, म्हणून मॅट स्टम याने मे महिनाअखेर 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. 'कॅश' म्हणजे पैसे नव्हेत. लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा तो मूळ फ्रेंच शब्द. कॉम्प्युटरच्या मेमरीतली कॅश तीच. सिएटलचा वेब डेव्हलपर जेरेमी आयरिश याने २ सप्टेंबर २००० रोजी या खेळाची वेबसाइट सुरू केली, तेव्हा तिच्यावर ७५ डबे होते. आज ही संख्या तीस लाखांच्या वर आहे. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियटने एक कॅश आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातही नेऊन ठेवली.

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी काही महिने पोर्टलंडला होतो, तेव्हा बीव्हरक्रीकला जाऊन आलो. बादली कधीच गेली. २००३ मध्ये तिथे बसवलेली एक पाटी आहे, रस्त्याच्या कडेला, झाडीत, जमिनीलगत. शेजारच्या डब्यातल्या वहीत जगभरच्या लोकांची नावं होती. मी देवनागरीत माझं लिहिलं.

तिथे उभं असताना एक हिशेब डोक्यात आला. आज माझा फोन दिवसभर माझी जागा कुणाला ना कुणाला सांगत असतो. जेवण आणणाऱ्याला, कॅबवाल्याला, जाहिरात कंपनीला, 'पोचलास का' विचारणाऱ्या आईला. यातल्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं, आईला निदान एक फोन. उल्मरने आकडे जाहीर केले तेव्हा समोर कोण येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि येणाऱ्याकडून त्याला मिळणार होती वहीतली एक ओळ.

दार्टमूरची बाटली

ही कल्पना उपग्रहांआधीची आहे. इंग्लंडमधल्या दार्टमूरच्या ओसाड माळावर क्रॅनमिअर पूल नावाची एक दलदलीची, पोचायला अवघड जागा आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. एवढं चालून येणाऱ्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि नंतर येणारा ती उचलून पोस्टात टाकू लागला. यालाच 'लेटरबॉक्सिंग' म्हणतात. पत्र कधी आणि कुठून पोस्ट होणार, हे पुढचा अनोळखी माणूस ठरवणार! अक्षांश-रेखांश तिथे नव्हते. वाटाड्या होता, खुणा होत्या आणि पुढच्यावर टाकलेला भरवसा होता. जीपीएसने यातला वाटाड्या तेवढा बदलला.

शोधायचं कसं

आता थोडं कामाचं.

आकडे कोणत्या पद्धतीने लिहिलेत ते आधी बघा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, नकाशाची बरीच ॲप्स थेट दशांश अंश दाखवतात. १८° ३०' म्हणजे १८.५ अंश, १८.३० अंश लिहिलंत तर वीसेक किलोमीटर दुसरीकडे जाल. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण पावणेदोन ते दोन मीटर, त्यामुळे शेवटचा आकडाही नीट उतरवून घ्या.

जुन्या टोपोशीटवरून आकडे काढत असाल तर आणखी एक गंमत आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासला मोजणी सुरू केली, तीच पुढे भारताची महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण मोहीम झाली. मोजणी करत करत उत्तरेला सरकणारा हा माणूस १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर आपले जुने नकाशे आधारलेले आहेत. जीपीएस पृथ्वीचा वेगळा आकार धरतं. त्यामुळे त्याच बिंदूचे आकडे दोन्हींकडे शंभरेक मीटरने वेगळे येऊ शकतात. म्हणजे पुन्हा पावणेआठ एकर.

निघण्यापूर्वी आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा. शेवटच्या तिघांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर डबा बहुधा जागेवर नाही. पान फोनमध्ये उतरवून घ्या, रेंज नेमकी तिथेच जाते. ॲपमधला बाण सरळ रेष दाखवतो आणि सह्याद्रीत सरळ रेषेत बऱ्याचदा कडा असतो. पायवाट सोडू नका.

दहा मीटरवर आलात की फोन खिशात घाला. गर्द झाडीखाली सिग्नल अडतो, कातळावर किंवा इमारतींवर आपटून उशिरा पोचतो, आणि बिंदू कधी डावीकडे कधी उजवीकडे उड्या मारतो. त्याच्यामागे फिरण्यात अर्थ नाही. इथून पुढे विचार करायचा तो लपवणाऱ्याच्या डोक्याने. मला लपवायचं असतं तर मी कुठे लपवलं असतं? एकावर एक जरा जास्तच नीट रचलेले दगड, एका मापाच्या काटक्या, बुंध्याच्या ढोलीत जागा सोडून बसलेलं साल. निसर्ग इतका टापटीप नसतो. ढोलीत किंवा कपारीत हात घालण्याआधी काठी घाला. आपल्याकडे विंचू असतात, पावसाळ्यात तर सापही.

पेन स्वतःचं न्या, कारण पेरभर डबीत कागदाची सुरळी जेमतेम मावते. मोठ्या डब्यातून एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि माकडं तो तुमच्याआधी शोधतात. आणि डबा होता तसाच, होता तिथेच परत ठेवा. किल्ल्याच्या तटबंदीतला दगड हलवून तर कधीच शोधू नका, लपवूही नका. तिथे 'अर्थकॅश' हा प्रकार चांगला. २००४ पासून चालत आलेल्या या प्रकारात डबा नसतोच. समोरचा खडक बघून भूगर्भशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बेसॉल्टच्या देशात प्रश्नांना तोटा नाही.

टेकडीवरचे काका

खेळ माहीत नसलेल्यांना या मंडळींत 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधल्या जादू न येणाऱ्यांसारखं. मगल बघत असतील तर डब्याला हात लावायचा नाही असा संकेत आहे. पुण्यात हे अवघडच. सकाळी सहा वाजता टेकडीवर गेलं तरी पन्नास मगल व्यायाम करत असतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका टेकडीवर लोखंडी बाकाभोवती मी तिसरी फेरी मारली तेव्हा वॉचमनकाका आलेच.

"काय हरवलं का?"

"नाही काका, एक डबी शोधतोय. छोटीशी आहे."

"काळी? लोहचुंबकाची?"

मी मान हलवली.

"पावसाळ्यात झाडताना खाली पडली होती. उघडून बघितली तर कागदाची गुंडाळी. नावं, तारखा. म्हटलं, कुणीतरी हिशोब ठेवलाय, आपण कशाला मोडायचा. लावून दिली परत. सांगू का कुठंय?"

"नको काका, शोधतो."

"शोधा, शोधा," म्हणत ते कठड्यावर बसले. दहा मिनिटांनी डबी सापडली तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. मी नाव लिहिलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्याखाली त्यांचं लिहिलं.

वर्षानुवर्षं तो खेळ टिकवण्यात या माणसाचा हात होता, आणि खेळाचं नावसुद्धा त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. ॲपच्या नकाशावर असे लोक दिसत नाहीत.

बेवारस

हे दर वेळी इतकं गोड होत नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणीतरी डबा लपवला. लपवणाऱ्याची हालचाल कुणाला तरी संशयास्पद वाटली, रस्ता रिकामा केला गेला आणि लष्कराच्या बॉम्बपथकाने तो डबा उडवून दिला. आत खेळाचंच सामान होतं.

कॅफेतल्या लोकांना हसावं असं मला वाटत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नका ही सूचना ऐकत आपण मोठे झालो आणि त्या सूचनेमागे ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आहे. सार्वजनिक जागी डबा सोडून जायचा आणि अनोळखी माणसाने तो विश्वासाने उघडायचा, हा खेळ त्या सूचनेच्या बरोब्बर उलट दिशेला जातो. म्हणून आपल्याकडे स्टेशन, विमानतळ, पूल, सरकारी कचेऱ्या, शाळा आणि देवळं यांच्या आसपास डबा ठेवायचाच नाही. बाकी ठिकाणीही जागेच्या मालकाला विचारायचं, डबा पारदर्शक घ्यायचा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचं.

मी आमच्या सोसायटीच्या मागच्या बागेत एक डबा ठेवलाय. चेअरमनकाकांना आधी सगळं समजावून सांगितलं, त्यांचा एकच प्रश्न होता, "यात सोसायटीचा काही खर्च नाही ना?" मग परवानगी मिळाली. डब्यावरच्या चिठ्ठीत इंग्रजीत खेळाचं नाव आहे, माझा नंबर आहे आणि खाली मराठीत लिहिलंय: 'ही वस्तू बेवारस नाही. सापडली असेल तर उघडा, नाव आणि तारीख लिहा, आणि होती तिथे ठेवा.'