कॅमेऱ्यावरचा शिक्का: शॉक लागणार नाही याची हमी होती, कुणी चोरून बघणार नाही याची नव्हती

नवरात्र असो, दत्त जयंती असो की राखी पौर्णिमेची परिक्रमा, माहूरला माणसांचा पूर येतो. विदर्भातून, तेलंगणातून, सगळ्या मराठवाड्यातून. आणि या माणसांवर आता जागोजागी कॅमेरे असतात. दुकानात, लॉजच्या काउंटरवर, पतसंस्थेत, दवाखान्यात, मंगल कार्यालयात. त्यात वाईट काही नाही. हरवलेलं लेकरू सापडतं, चोर सापडतो, भांडणात खरं-खोटं कळतं.

पण आपण कॅमेऱ्यातून बघतो तसं कॅमेऱ्याच्या आत कोण बघतं? त्यावर सरकारची तपासणी आहे का, असली तर कधीपासून? हा इतिहास आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात रेडिओपासून करू. आपल्या वडिलांच्या पिढीला रेडिओचं लायसन आठवत असेल. घरात संच असेल तर दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे. त्यामागे दोन इंग्रजी कायदे होते, 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा. लायसनची ही कटकट 1980 च्या दशकात गेली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी सरकारला काळजी होती ती संच कुणाकडे आहे आणि त्याचे पैसे जमा झाले का याची. संच ठेवणाऱ्याच्या खासगीपणाचा विचार त्यात कुठंच नव्हता. उलट 1885 च्या कायद्याच्या कलम 5 नं सरकारला लोकांचे निरोप अडवायची आणि बघायची मुभा दिली होती.

त्या मुभेला पहिला नीट लगाम लागला तो शंभराहून जास्त वर्षांनी. राजकीय नेत्यांचे फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण गाजलं, पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली, आणि डिसेंबर 1996 मध्ये निकाल आला. फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश पाहिजे, त्याला मुदत पाहिजे आणि तो तपासायला समिती पाहिजे. फोनवरचं बोलणं ही माणसाची खासगी गोष्ट आहे, हे कोर्टानं तेव्हा ठासून सांगितलं.

दुसरा धागा शिक्क्याचा. बाजारात दुकानदाराचा काटा दरवर्षी पासिंगला जातो, हे आपल्याला माहीत आहे. का जातो? कारण गिऱ्हाइकाला काटा उघडून बघता येत नाही. जे त्याला स्वतः तपासता येत नाही ते त्याच्या वतीनं सरकारनं तपासायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. विजेच्या वस्तूंवरचा आयएसआय मार्क त्याच विचारातून आला. आयएसआय ही संस्था 1947 ची. पुढं 1986 च्या कायद्यानं तिची बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो झाली. 2012 मध्ये केंद्रानं आदेश काढला की ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तू बीआयएसच्या नोंदणीशिवाय विकता येणार नाहीत. 2017 मध्ये त्या यादीत सीसीटीव्ही कॅमेरे आले.

आता खरी मेख इथं आहे. तेव्हा कॅमेऱ्याची तपासणी कशाची होत होती? शॉक लागतो का, आग लागते का, तापतो का. म्हणजे हीटर किंवा चार्जर तपासावा तशी. पण इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा डोळा असलेला छोटा कॉम्प्युटर आहे. शॉक न देता तो घरातलं सगळं बाहेर पाठवू शकतो. त्याची तपासणी त्या शिक्क्यात नव्हती.

याचा धोका जगाला 2016 मध्ये कळला. मिराई नावाचा एक व्हायरस पसरला. त्याची युक्ती फार साधी होती. कॅमेरे आणि राउटर कंपनीतून येतात तेव्हा त्यांना ठरलेला पासवर्ड असतो, ॲडमिन किंवा 12345 असा काहीतरी. बहुतेक लोक तो बदलत नाहीत. मिराईकडे अशा साठेक पासवर्डची यादी होती. ती वापरून त्यानं लाखो यंत्रं ताब्यात घेतली आणि 21 ऑक्टोबर 2016 ला त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ते बनवणाऱ्या तिघांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. तिघेही विशीच्या आसपासची पोरं.

मग कायदे आले. कॅलिफोर्नियानं 2018 मध्ये कायदा केला, तो 2020 पासून लागू झाला. ब्रिटननं 2022 मध्ये केला आणि 29 एप्रिल 2024 पासून सर्वांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून यंत्र विकायला तिथं बंदी झाली. आपल्याकडं दूरसंचार खात्याच्या टीईसीनं 2021 मध्ये अशाच सूचना काढल्या, पण त्या ऐच्छिक होत्या. ज्याला पाळायच्या त्यानं पाळा.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या शेजारच्या अकोल्याचे तेव्हाचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी लोकसभेत माहिती दिली होती. सरकारी संस्थांमधले सुमारे 10 लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत, आणि त्यांचं चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. मंत्र्यानं संसदेत हे सांगितल्यावरही सक्तीचा नियम यायला तीन वर्षं गेली. एप्रिल 2024 मध्ये अधिसूचना निघाली. तिची अंमलबजावणी ऑक्टोबर 2024 पासून होणार होती, ती पुढं ढकलून 9 एप्रिल 2025 झाली. आता नवीन कॅमेरा विकायचा तर शॉकबरोबर सुरक्षाही तपासली जाते. आत कुणाला शिरता येतं का, चित्रण कुलूपबंद जातं का, सॉफ्टवेअर अपडेट होतं का, आतली चिप कुठली.

हा नियम किती उशिरा आला ते बघायचं तर लातूरकडं बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये गुजरातेतल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं सापडलं. गुजरात पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. पोलिसांच्या सांगण्यानुसार कॅमेऱ्यांचे कच्चे पासवर्ड फोडून हे चित्रण काढलं जात होतं. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण विचार करा, त्या बाया दवाखान्यात विश्वासानं गेल्या होत्या. चोरून असं चित्रण करणं किंवा पसरवणं यावर आयटी कायद्याचं 66ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे. पण कलम लागतं ते घडून गेल्यावर. इज्जत परत येत नाही.

आता उरलेली भोकं सांगतो. एक, नवा नियम नव्या विक्रीला आहे. भिंतीवर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्यांना तो लागत नाही. आपल्या गावातले बहुतेक कॅमेरे त्यातलेच. मी बातमीसाठी दुकानांतून फिरताना पासवर्ड कुणाकडं आहे असं विचारतो, तर उत्तर ठरलेलं: "ते बसवणाऱ्या पोराला माहीत, भाऊ." काटा दरवर्षी पासिंगला जातो. कॅमेऱ्यावर शिक्का एकदाच बसतो, तोही कारखान्यात.

दोन, माहितीचा कायदा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं सांगितलं. न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल 2018 मध्ये आला, कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना आणखी 18 महिन्यांची सवलत. शिवाय सरकारला स्वतःच्या यंत्रणा या कायद्यातून वगळायची सोय आहेच.

तीन, तपासणाऱ्यालाही तपासावं लागतं. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस केंद्रानं प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकायचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर ओरड झाली आणि 3 डिसेंबरला सक्ती मागं घेतली. चोरीचा फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्र सुरक्षित करायच्या नावाखाली सरकारच आत बसणार असेल, तर विचारायचा हक्क आपला आहे. लोकांनी विचारलं म्हणूनच सक्ती गेली.

म्हणून माझं म्हणणं दिल्लीला नंतर, आधी गावाला. लॉजमालकांनो, दवाखानेवाल्यांनो, मंगल कार्यालयवाल्यांनो, आजच पासवर्ड बदला आणि तो स्वतःकडं ठेवा. कॅमेरा कुठं आहे याची पाटी लावा. कपडे बदलायची, तपासणीची, झोपायची जागा कॅमेऱ्यात येत असेल तर तो आजच काढा. घरात लेकराच्या पाळण्यावर कॅमेरा लावला असेल त्यांनीही पासवर्ड बघून घ्या. आणि सार्वजनिक पैशातून बसलेले कॅमेरे किती, चित्रण किती दिवस राहतं, ते बघायची परवानगी कुणाला, ही माहिती नगरपंचायतीनं आणि पोलिसांनी फलकावर लावावी. येत्या यात्रेच्या आत. माहितीच्या अधिकारात मी हे तीन प्रश्न टाकतोय. उत्तर आलं की इथंच मांडतो.