हात वळला तो भिंतीवर



आमच्या गटात पाटी-खडू घेऊन चित्रं काढायला बसायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच होतं, "आम्हाला नाही बाई येत." म्हणणाऱ्या बाया कोण? दिवाळीला अंगणात 15 ते 8 ठिपक्यांची रांगोळी पट्टी न लावता काढणाऱ्या. ठिपक्यांचं अंतर सारखं, रेघ न थरथरता. चित्रकलेच्या वर्गातही सुरुवात अशाच रेघांनी होते. म्हणून आज बाईच्या हाताचा थोडा इतिहास सांगतो.

मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली 1857 साली. तिथली रीत विलायती. समोर वस्तू ठेवायची, निरखून काढायची, उजेड-सावली दाखवायची. आज आपली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, त्यातलं वस्तुचित्र त्याच वळणाचं. त्या कलाशाळेची पदविका अंबिका धुरंधर यांनी 1931 साली मिळवली. त्या काळी बाईनं ती मिळवणं नवलाचंच होतं. पण त्यांचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्याच कलाशाळेतले नामांकित चित्रकार. ज्या घरात रंगाची पेटीच नाही, तिथल्या मुलीला ती वाट कुठून सापडणार?

तिची शाळा घरातच होती. आपल्या दिंडोरीच्या पश्चिमेला पेठ, आणि डोंगर उतरून खाली गेलं की जव्हार, डहाणू, तलासरी. त्या पट्ट्यातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर चौक काढतात. कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, वर गेरू फिरवायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, झाला कुंचला. चौकात पालघट देवी, आणि विधी चालवणारी धवलेरी, तीही बाईच. आकार मोजके : गोल, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो. वरचा त्रिकोण जरासा कलता केला की तोच माणूस नाचायला लागतो. नवशिक्या हाताला याहून चांगला धडा आम्हाला तरी माहीत नाही.

आता कागदाची गोष्ट. 1966-67 साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. बायांच्या हाताला काम मिळावं म्हणून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला कागद घेऊन मधुबनीच्या भागात पाठवलं. तिथल्या बाया लग्नघरात भिंती रंगवायच्या, कागदाची सवय नव्हती. तरी हात अडला नाही, कारण सराव भिंतीवर झालेला होता. त्यांतल्या जगदंबा देवींना 1975 साली पद्मश्री मिळाली.

पुढं 1970 नंतरच्या वर्षांत हेच कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर आले. इथं मात्र नाव झालं जिव्या सोमा मशे यांचं. लहानपणी पोरके झालेले, बोलणं जवळजवळ बंद, धुळीत चित्रं काढूनच ते मनातलं सांगायचे. तो सराव वर्षानुवर्षांचा. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांच्या मानाबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. खटकतं ते वेगळंच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चौक काढले, त्या सवासिनींचं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही. भिंतीवर सही करायची रीत नव्हती, आणि पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जायची. कागद आला, विक्री आली, परगावची प्रदर्शनं आली, तेव्हा घर आणि शेत सोडून जाणं बायांना किती जमलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या गटात आम्ही दोन्ही रीती घेतल्या. आधी पंधरा दिवस नुसत्या रेघा आणि गोल. मनगट घट्ट धरलं की गोल चेपतो, सगळा हात खांद्यापासून फिरवला की सुधारतो. जातं फिरवलेल्या बायांना हे एकदा सांगितलं की पुरे. मग तांब्या समोर ठेवला. तांब्याचं तोंड गोल असतं हे माहीत असल्यामुळं सगळ्यांनी पूर्ण गोलच काढला. जरा लांबून, बसल्या जागेवरून बघितलं, तर ते चपटं दिसतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते काढायचं, यात आमचे दोन आठवडे गेले.

त्यानंतर द्राक्षाचा घड. बागेत विरळणी करून करून घड डोळ्यांत बसलेला, तरी पहिल्या दिवशी सगळ्या मणी मोजत बसल्या. चित्र गोट्यांच्या ढिगासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आधी उलटा त्रिकोण काढला, त्यात कडेचे मणी, आणि मधले अर्धेमुर्धेच. एकजण म्हणाली, "अगं, हा तर चौकातल्या माणसाचा धडच की!"

त्या दिवसापासून आम्ही पाटी पुसण्याआधी खाली कोपऱ्यात नाव लिहितो. सासरचं नाही, माहेरचं नाही, नुसतं आपलं. लिहून झालं की मग पुसतो.