शेलची लहान लिखिते

मोडी लिहिणारा जुना कारकून आधी कागदावर शिरोरेघा ओढून घेई, मग लेखणी फारशी न उचलता मजकूर लिहीत जाई. रोजचे काम सोपे करण्याची ही हौस आम्हांला संगणकाच्या इतिहासातही भेटते.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली जन्मली. तिच्या गाभ्याभोवतीचे कवच म्हणजे शेल. माणसाने टंकलेली आज्ञा तेच समजून घेते. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती देणारा 'पाइप' आला, आणि १९७९ मध्ये स्टीव्हन बोर्न यांच्या शेलने अटी व आवर्तने नीट बसवून दिली. झाले! चार आज्ञा एका फायलीत लिहाव्या, तिला नाव द्यावे; ते नाव हीच नवी आज्ञा. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी या विद्येवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

नाशिकच्या एखाद्या कचेरीत रोज सायंकाळी हिशेबाच्या फायलींची नक्कल काढून जुन्या पुसायला असे दहा ओळींचे लिखित पुरते. पण धास्तीही तिथेच आहे. 'हिशेब मार्च' हे नाव अवतरणचिन्हांत घालायचे राहिले, तर शेल त्याची दोन नावे समजते आणि 'हिशेब' नावाची भलतीच फाइल पुसून मोकळे होते. कारकून निदान शंका आली की थांबे! म्हणून जाणते लोक प्रथम पुसण्याच्या 'आरएम' आज्ञेआधी 'इको' लिहितात आणि काय पुसले जाणार ते पडद्यावर वाचून पाहतात.