आधुनिकतावादी घरगुती हवामान उपकरणे

हवेचा दाब, तापमान व आर्द्रता घरच्या भिंतीवर किंवा मेजावर दाखवणारी, विसाव्या शतकातील आधुनिकतावादी शैलीत घडवलेली यंत्रे. कोरीव लाकूड व पितळी नक्षी गाळून साधी चौकट, स्वच्छ तबकडी आणि बारीक काटा ही त्यांची ओळख. डॅनिश शिल्पकार हेनिंग कोपेल यांनी १९७८ मध्ये जॉर्ज जेन्सन कंपनीसाठी केलेला संच नावाजलेला आहे.

रूप नवे असले तरी वायुदाबमापकाचे अंतरंग जुनेच राहिले. १८४० च्या दशकात ल्युसियाँ व्हिदी या फ्रेंच संशोधकाने पाऱ्याऐवजी हवा काढून घेतलेली धातूची पातळ डबी वापरली. दाब वाढला की डबी दबते, उतरला की फुलते. ही सूक्ष्म हालचाल तरफांनी वाढवून काट्याला दिली जाते.

जुन्या तबकड्यांवर ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ असे शब्द असत. ते युरोपच्या हवेवरून ठरलेले, ‘बदल’ २९.५ इंचांवर, म्हणजे सुमारे ९९९ हेक्टोपास्कलवर. वरोर (ता. डहाणू, जि. पालघर) या किनाऱ्यावरच्या गावी ते कुचकामी ठरतात. जुलैत येथील दाब १००० च्या थोडासा वरच असतो, त्यामुळे मुसळधार कोसळो की उघडीप पडो, काटा ‘बदल’पासून फारसा हलत नाही. शब्द वगळून फक्त आकडे देणारी तबकडीच कोकणात प्रामाणिक म्हणावी लागेल.

आकडेही समजून वाचावे लागतात. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळ-रात्री दहाच्या सुमारास अधिक, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. हिवाळ्यात हा फरक ३-४ हेक्टोपास्कलपर्यंत जातो. दुपारची उतरण पाहून घाबरू नये. आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडावा. तसा ताडूनही दाब सतत उतरत असेल तर तांडेलाने हवामान खात्याचा इशारा तातडीने पाहावा, होडी पाण्यात लोटू नये. ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मच्छीमार बंदरांवर सार्वजनिक वायुदाबमापक बसवले, ते याच हेतूने.

आर्द्रतामापकाचा खरा उपयोग पावसाळा सरल्यावर, बोंबील वाळत घालताना. मापकाला थेट ऊन लागू देऊ नये. खाऱ्या वाऱ्याने गंजणारी चौकट टाळावी.

वायुदाबमापक उंचीनुसार जुळवावा लागतो. वरोर समुद्रालगत असल्याने दुरुस्ती नगण्य. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात मात्र न जुळवलेला काटा साधारण ६० हेक्टोपास्कल कमी दाखवतो. मागच्या बाजूचा स्क्रू हलकेच फिरवून तो जवळच्या वेधशाळेच्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी जुळवतात.